सरपंचपदाचा लिलाव: पैसा देवळाला गेला, तरी भ्रष्टाचारच का?

चावडीकर: डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातील उमराणे येथे सरपंचपदाची बोली दोन कोटी रुपयांच्या वर गेली आणि ती रक्कम मंदिराच्या कामासाठी द्यायची ठरली. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीतही पदांचा असाच लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. आमच्याकडील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, एरवी हाच पैसा दारू-मटणावर उडतो आणि भावकीत वैर लागते ते वेगळेच. मग तो चारचौघांसमक्ष देवळाला मिळाला, तर लोकशाहीचे नेमके काय बिघडले? मला त्यांना पटेल असे उत्तर देता आले नाही.

रानवारा: कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. मत देण्याइतकाच उमेदवारी करण्याचा किंवा अर्ज मागे घेण्याचा हक्कही निवडणूकविषयक हक्क मानला जातो, आणि तो अमुक प्रकारे वापरावा म्हणून प्रलोभन देणे ही तेव्हाच्या भारतीय दंड संहितेनुसार लाच होती. शिवाय एकच अर्ज उरला की मतदानच होत नाही. म्हणजे ‘नोटा’चे बटणसुद्धा मतदाराच्या हाती राहत नाही.

पारावरून: मात्र प्रत्येक बिनविरोध निवडणुकीला याच मापाने मोजू नये. चर्चा करून सर्वमान्य माणूस निवडणे वेगळे आणि ज्याची ऐपत मोठी त्याला पद देणे वेगळे. बोली लावायची म्हटली की भूमिहीन मजूर किंवा एकटी बाई तिथे उभीच राहू शकत नाही, मग राखीव जागेवर नाव कोणाचे आणि कारभार कोणाचा, हे सांगायला नको. त्याच हंगामात काही आमदारांनी बिनविरोध गावांना लाखोंचा निधी जाहीर केला होता, त्यानेही ही हाव वाढली, असे माझे मत आहे.

माजी सदस्य: मी हे जवळून पाहिले आहे, गावाचे नाव सांगत नाही. आमच्याकडेही देवळाच्या सभामंडपात बोली झाली होती आणि सरपंचपद घेणाऱ्याने देवळाच्या कळसासाठी ठरलेली रक्कम सचोटीने भरली, हे मान्य केले पाहिजे. पुढे दीड वर्षाने दलित वस्तीतील गटाराचे काम पहिल्याच पावसात खचले, तेव्हा ग्रामसभेत एका म्हाताऱ्याने अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका दाखवा, अशी मागणी केली. त्यावर सरपंच चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही, त्यांनी एवढेच विचारले, “बाबा, कळसाला तुम्ही किती दिले होते?” मंडपात कोणी काही बोलले नाही. ग्रामसेवकाने पुढचा विषय वाचायला घेतला. तुमच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा की, त्या म्हाताऱ्याने मत दिले असते, तर सरपंचांना हा प्रश्न विचारता आला असता का?