मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांशी सोप्या मराठीत बोलणारे वकील

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या आमच्या गावात ऊसतोड मजुरांसाठी हक्क आणि कोर्टकचेरी या विषयावर जाहीर व्याख्यान ठेवायचं आहे. मानवी हक्क दिन १० डिसेंबरला असतो, पण तेव्हा कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडपी, कारखान्यांवर गेलेले असतात, गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात. म्हणून दसऱ्याच्या आधीच घ्यायचंय.

चळवळीत वावरलेले, कामगारांच्या बाजूने केसेस लढलेले वकील कोणाच्या ओळखीत आहेत का? नुसतं भाषण नको, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं कोणीतरी हवं. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटली नाही म्हणून मुकादमाने नवराबायकोला अडकवून ठेवलं तर तक्रार कुठे करायची, हा इथला खरा प्रश्न. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा, १९८७ च्या कायद्याने बायकांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारा मोफत वकील, १५१०० ही मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन, यातलं काहीच बहुतेकांच्या कानावर आलेलं नाही. वकील बाई असतील तर फारच बरं, आमच्याकडे बायका पुरुषांसमोर मोकळं बोलत नाहीत.

प्रवासखर्च आणि मानधन वर्गणीतून देऊ. अशा व्याख्यानांची मराठी रेकॉर्डिंग असतील तर तीही पाठवा, फडावर गेल्यावर मोबाईलवर ऐकता येतील.