पांडाला बांबूतून मिळतं तरी काय?

निशाचर
झोप येत नाही म्हणून रात्री चीनमधल्या एका पांडा केंद्राचं थेट प्रक्षेपण लावून बसतो. काल एका मादीकडे सलग पाऊण तास बघत होतो. बूड टेकून, पाय पसरून निवांत बसलेली. कांडकं आडवं धरायचं, दातांनी हिरवी साल ओढून काढायची आणि आतला पांढरट भाग कडाकडा चावायचा. सालींचा ढीग पोटावरच. मग उठून चार पावलं गेली आणि लेंड्या टाकल्या. त्यांत बांबूचे तुकडे जसेच्या तसे दिसत होते!

माझा प्रश्न असा: हे अस्वलाच्या कुळातलं, मांसभक्षक गणातलं जनावर. शंभर किलोचं धूड. लाकूड चावून कुणी एवढं गुबगुबीत होतं का? सगळीकडे वाचतो की बांबू म्हणजे अगदी निकस अन्न. मग हे जगतं कशावर?

दळणवाली
मी पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत काम करते. चारा वाळवणं, दळणं, जाळणं हाच दिवसभराचा उद्योग. पांडा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण बांबू बराच दळलाय, म्हणून लिहिते.

नवीन असताना मी पानं आणि कांडी एकत्र दळून एकच नमुना लावला होता. आधी कांडीच्या धाग्यांनी चक्कीची जाळी तुंबवली, आणि जे आकडे आले ते ना पानाचे ना कांडीचे. वरिष्ठांनी कागद बघून एवढंच विचारलं, "हे खाणार कोण?" तेव्हापासून ‘बांबूचं पोषणमूल्य’ असं मोघम कुणी म्हटलं की मी विचारते, कुठल्या भागाचं आणि कुठल्या महिन्यातलं?

कांडीत प्रथिनं अगदी थोडी, बाकी सगळा काष्ठतंतू. पानात प्रथिनं कांडीच्या कितीतरी पट. कोवळ्या कोंबात प्रथिनं भरपूर, पाणी भरपूर आणि तंतू कमी. कोंबात फॉस्फरसही चांगला असतो, पण कॅल्शियम कमी. ते पानात जास्त. पानाची एक खोड म्हणजे सिलिका, वाळूत असतो तोच कठीण पदार्थ. भट्टीत जाळलं की मुशीत राखाडी-पांढरी राख चांगलीच उरते. दातांना हा खरा ताप.

पांडा हे सगळं ओळखून खातो. शान्शी प्रांतातल्या छिनलिंग डोंगरांत फोफिंग अभयारण्य आहे. तिथले पांडा हिवाळ्यात खालच्या उतारावरचा बांबू खातात, वसंतात त्याचेच कोंब. ते कोंब निबर झाले की वर चढतात, कारण वरच्या जातीच्या बांबूला तेव्हा कुठे कोंब फुटत असतात. उन्हाळा संपताना पुन्हा खाली. कोवळ्या प्रथिनांच्या मागे चाललेली ही वर्षभराची चढउतार. २०१९ साली या पांडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना मिळणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास वाटा प्रथिनांचा निघाला. हे प्रमाण गाईम्हशीचं नव्हे, लांडग्या-मांजराचं!

म्हणून मी बांबूला निकस म्हणणार नाही. निकस आहे ते पांडाचं पोट. साधं जठर, आखूड आतडं, रवंथ नाही, अंधांत्र (चारा आंबवून पचवणारी आतड्याची पिशवी) नाही. स्वतःच्या जनुकांत सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचा तंतू, फोडणारं विकर (एन्झाइम) नाही आणि आतड्यातले जीवाणूही मांसाहाऱ्याच्या वळणाचे. खाल्लेलं आठ-बारा तासांत बाहेर. पाणी वगळून उरणाऱ्या शुष्क पदार्थाचा जेमतेम पाचवा हिस्सा पचतो, बाकीचा तुम्ही काल पाहिलात. त्याची भरपाई तो खुराकाने करतो: दिवसाला १२ किलोपासून कोंबांच्या हंगामात ३८ किलोपर्यंत. दहा-चौदा तास तोंड चालूच.

खर्चिक
दळणवाली, जमेची बाजू झाली. खर्चाचीही बघा ना, मला तर तीच जास्त भारी वाटते. २०१५ साली पांडांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला गेला. त्या वजनाच्या सस्तन प्राण्याचा जेवढा असायला हवा, त्याच्या फक्त ३८ टक्के निघाला. ऊर्जाखर्चाचा वेग ठरवणारी थायरॉइडची संप्रेरकं कमी. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं शरीराच्या मानाने लहान. अंगावरची दाट फर ऊब धरून ठेवते. त्या मादीला आळशी म्हणू नका, ती हिशेबी आहे. आणि एवढं करूनही हिवाळाभर झोपून काढण्याइतकी चरबी साठत नाही. बर्फातही उठून चरावंच लागतं.

निशाचर
म्हणजे समोर मांस ठेवलं तर खाईल?

दळणवाली
खाईल की. जंगलातही मेलेलं जनावर सापडलं तर तोंड लावतात. पण मांसाची ती खास रुची, उमामी, ओळखणारं एक जनुक त्यांच्यात निकामी झालंय. मांस सुटलं त्याचं हे कारण की सुटल्यावर झालेला परिणाम, यावर मी पैज लावणार नाही. शिकार पळते, बांबू पळत नाही, हे मला जास्त पटतं.

मोहर
पळत नाही, पण मरतो! बांबूची एक जात डोंगरभर एकदमच फुलते आणि फुलून वाळते. १९७०च्या दशकाच्या मध्यात मिनशान डोंगरांत असं झालं, तेव्हा किमान १३८ पांडा मेलेले आढळले. १९८३ मध्ये छिओंगलाय डोंगरांत पुन्हा तेच. पूर्वी पांडा शेजारच्या डोंगरावर दुसरी जात शोधायचे. मधे शेतं आणि रस्ते आल्यावर जाणार कुठे? पोषणमूल्याच्या तक्त्यात हे येत नाही, म्हणून लिहिलं. बी रुजून पुन्हा खाण्याजोगं बन व्हायला दहा-वीस वर्षं जातात.

निशाचर
सगळ्यांचे आभार. आत्ता पुन्हा लावून बसलोय. तीन कांडकी हुंगून तिने बाजूला टाकली, चौथं धरलंय. काल वाटलं होतं, उगाच खेळतेय.