बाबांचा हात अजून लोंबतोय, फंक्शनल एमआरआय काढावा का?

वर्तकनगर_ठाणे: बाबांना दीड महिन्यापूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, गुठळीचा. पाय बऱ्यापैकी आलाय, भिंतीला धरून चालतात, पण उजवा हात नुसता लोंबतोय. सोसायटीतले एक काका म्हणतात फंक्शनल एमआरआय काढा, मेंदू किती सुधारला ते दिसतं आणि त्यावरून व्यायाम ठरवतात. आई तेव्हापासून मागेच लागलीये. पहिल्या रिपोर्टात डाग छोटा आहे, 'इंटर्नल कॅप्सूल' असं लिहिलंय. मग छोट्या डागाने एवढं कसं झालं??

ऐरोलीची_फिजिओ: हातापायाला हुकूम नेणाऱ्या तारा तिथे चिंचोळ्या जागेतून जातात, रुंदीकरणाआधीचा ठाण्याचा कोपरी पूल आठवा, एवढासा अडथळा आला तरी सगळं ठप्प. हात किती येणार हे बरंचसं त्या तारा किती शाबूत आहेत यावर. डीटीआय नावाच्या एमआरआयमध्ये त्यांचा अंदाज येतो, पण ऑकलंडच्या टीमने हाताचा अंदाज बांधायची जी पद्धत केली ना, तिच्या २०१७ च्या आवृत्तीत एमआरआय काढूनच टाकला. अटॅकनंतर तीन दिवसांत खांदा बाजूला उचलता येतो का, बोटं उघडतात का हे आधी बघायचं, फारच कमी जोर असेल तर डोक्यावरून चुंबकाचा झटका देऊन सिग्नल मनगटापर्यंत पोचतो का ते तपासतात. बाबांची बोटं उघडतात का, थोडी तरी?

वाशी_एमआरआयवाला: मी मशीनवरच असतो म्हणून सांगतो. फंक्शनलमध्ये पेशंटला आत मूठ उघड-बंद करायला लावतात आणि मेंदूत ऑक्सिजनवालं रक्त कुठे वाढतं ते बघतात. स्ट्रोकनंतर सुरवातीला बऱ्याचदा दोन्ही बाजू पेटतात, हात चांगला येणाऱ्यांत काम हळूहळू तो हात मुळात चालवणाऱ्या बाजूकडे परत जातं. पण हे बरेच पेशंट एकत्र करून केलेल्या अभ्यासातलं, एकट्या बाबांच्या रंगीत फोटोवरून उद्या कुठला व्यायाम द्यायचा ते काय कळणार? शिवाय हात हलत नसला की माणूस जोर लावताना डोकं हलवतो, मग फोटो बाद. साधा एमआरआय परत काढाल तर जुना डाग तिथेच दिसणार, आई उगाच घाबरेल. नवीन काही झालं, फिट आली, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर स्वतःच सांगतील.

घणसोली७: आमच्या मामांना एका सेंटरने ब्रेन मॅपिंगचं पॅकेज गळ्यात मारलं. फाईल जाडजूड, व्यायाम तेच! त्या पैशात फिजिओचे किती महिने निघाले असते.

वर्तकनगर_ठाणे: अंगठा आणि पहिलं बोट किंचित उघडतं, कालच बघितलं. खांदा मात्र फार दुखतो.

ऐरोलीची_फिजिओ: उघडतंय ना, मग त्यावर रोज काम करा, पहिले तीन महिने सुधारणा जास्त वेगाने होते, नंतरही होते पण हळू. आणि उठवताना कोणी तो हात धरून ओढतंय का? ओढू नका. बसले की हाताखाली उशी ठेवा, खांदा फिजिओला या आठवड्यातच दाखवा.