मदत हवी आहे: सोसायटीत ईव्ही चार्जिंग, सेक्रेटरी काकांचा लिफ्टचा मुद्दा आणि बाबांच्या शंका

नमस्कार मंडळी,
टाटाची नेक्सॉन ईव्ही घ्यायचं जवळजवळ ठरलंय, 45 किलोवॅट-अवर बॅटरीवाली. टेस्ट ड्राइव्ह झाली, आवडली, पण बुकिंगच्या आधीच घरचे आणि सोसायटीवाले मिळून इतकं काय काय सांगतायत की डोक्याचा भुगा झालाय. राहायला सिंहगड रोडला, स्टिल्टमध्ये स्वतःचं पार्किंग आहे, मीटर रूम शेजारीच. ऑफिस हिंजवडीला म्हणजे येऊन जाऊन पन्नासेक किमी धरा. आणि गाव चिपळूणजवळ, गणपती शिमगा तिकडेच.

सेक्रेटरी काका म्हणतात गाडी 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावली तर बिल्डिंगचा मेन उडून लिफ्ट बंद पडेल, आणि कमर्शियल मीटर घ्यावाच लागेल. बाबांचं म्हणणं बॅटरी तीन-चार वर्षांत बसते मग गाडी भंगारात, शिवाय पावसाळ्यात चार्जिंगला लावून शॉक बसला तर काय. शोरूमवाला म्हणतो 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावा नाहीतर गाडी चार्जच होणार नाही पटकन. मामा म्हणतो घाट उतरताना बॅटरी आपोआप फुल होते, आणि त्याचाच मुलगा म्हणतो कुंभार्ली घाट चढतानाच गाडी मान टाकणार 😅 यातलं खरं किती? वापरणाऱ्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूब बघून झालंय सगळं.

फेज_न्यूट्रल:
ताई, धंद्याने इलेक्ट्रिशियन आहे म्हणून वायरिंगचं सांगतो. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे एक इन्स्टंट गीझर. सकाळी सात वाजता तुमच्या बिल्डिंगमध्ये असे किती गीझर चालू असतात ते काकांना मोजायला सांगा, लिफ्ट बंद पडते का तेव्हा?

पण काका पूर्ण चुकीचे नाहीत. गीझर दहा मिनिटांत बंद होतो, गाडी सात-आठ तास सलग ओढते. घोळ तिथे होतो. शंभर-दीडशे रुपयांचं सॉकेट, आत लूज स्क्रू, मग पिन तापते, प्लास्टिक आधी पिवळं मग काळं पडतं, अशी कितीतरी बदललीत. त्यामुळे मीटरपासून थेट वेगळी लाइन ओढा, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर (पुढे वॉलबॉक्सचा विचार असेल तर आत्ताच 6 ची टाका), वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), आणि चांगल्या कंपनीचं इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्थिंग आधी तपासून घ्या, ते नीट नसेल तर चार्जर लाल दिवा लावून बसतो आणि लोक गाडीला शिव्या घालतात.

कमर्शियल मीटरचं म्हणाल तर स्वतःची गाडी स्वतःच्या घरगुती मीटरवर घरगुती दरातच चार्ज करता येते. फक्त सँक्शन्ड लोड (मंजूर वीजभार) किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि स्लॅबचं गणित लक्षात घ्या, गाडीची युनिट्स घरच्या युनिट्सच्या वर चढतात म्हणजे महागाच्या स्लॅबमध्ये पडतात. घरचा वापर मुळातच जास्त असेल तर ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागा, त्याला स्लॅब नसतो.

कोयनाकाठ:
वॉलबॉक्सची घाई करू नकोस. पन्नास किमीला सात-आठ युनिट लागतील, साध्या सॉकेटवर तीन तासांचं काम, रात्रभर गाडी उभीच असते ना? आणि एसी चार्जिंगचा, म्हणजे घरच्या विजेवरच्या चार्जिंगचा, वेग भिंतीवरचा डबा ठरवत नाही, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो. जुन्या 30.2 किलोवॅट-अवरवाल्या नेक्सॉनला 7.2 चा डबा लावला तरी ती 3.3 च घ्यायची. फास्ट चार्जरवर पण तेच, बोर्डावर 60 किलोवॅट लिहिलंय म्हणून 60 मिळत नाही, शेजारच्या गनला (गाडीत खुपसायचा प्लग) दुसरी गाडी लागली की वाटणी होते बऱ्याच ठिकाणी, आणि 80 टक्क्यांनंतर वेग पडतोच. त्यामुळे 80 ला गन काढायची आणि निघायचं.

घाटाचं. चढायला काही होत नाही, टॉर्क (ओढायची ताकद) भरपूर आहे, पण टक्के भराभर उतरतात. उतरताना थोडे परत मिळतात, सगळे नाही. मामाला सांग फुकट काही नसतं. कागदावर 489 किमी असली तरी गाडीतला एसी लावून हायवेला पावणेतीनशे-तीनशे धरूनच चाल. तुझं गाव सव्वादोनशेच्या आसपास, जाताना अडचण नाही. येताना चिपळूणहून भरपूर चार्ज करूनच निघ, कारण सुरुवातच चढाने.

बॅटरीला बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमी वॉरंटी देतात, क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलून देणार ते मात्र कागदात वाच. सेल एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारचे असतील तर अधूनमधून 100 पर्यंत भरायची, नाहीतर टक्के चुकीचे दाखवते. "80 च्या वर कधीच नको" हे सरसकट खरं नाही.

पावसात चार्जिंग चालतं. गाडी आणि चार्जरचं आपसात बोलणं झाल्याशिवाय गनमध्ये करंटच येत नाही. सॉकेट मात्र जमिनीपासून वर आणि झाकणाचं हवं, स्टिल्टमध्ये पाणी शिरत असेल तर जास्तच. आणि गाडी बंद पडली तर दोरीने ओढू नका, पुढची चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवरच न्यायची. हे गावाकडच्या गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेव, तो दोरी घेऊनच येतो.

टोलनाका:
आणि ईव्हीला सगळा टोल माफ हा पण गैरसमज. 2025 च्या राज्याच्या ईव्ही धोरणात टोलमाफीसाठी पुणे-मुंबई एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू आहेत. चिपळूणला जाताना खेड शिवापूरला फास्टॅग वाजणारच.

धागाकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे! बिल बघितलं, सँक्शन्ड लोड 3 किलोवॅटच आहे आमचा. आता लोड वाढवायचा की सरळ वेगळं कनेक्शन? आणि त्याला सोसायटीचं एनओसी मागतात का? पुण्यात कुणी केलं असेल तर कागदपत्रं सांगा, रविवारी कमिटीची मीटिंग आहे.