टोलनाकाच काढून टाकला तरी पुलावर जाम का लागतो?

रिव्हर्सगियर

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका.

गेल्या महिन्यात कामासाठी परदेशात होतो. तिथे मित्राच्या गाडीतून एक मोठा पूल ओलांडायचा होता. निघतानाच तो म्हणाला, इथे नाका वगैरे भानगड नाही, वर कमानीवर कॅमेरे आहेत, ते नंबरप्लेट वाचतात आणि पैसे परस्पर खात्यातून जातात, गाडी थांबवायचीच नाही. म्हटलं वा, सुख म्हणतात ते हेच. आणि मग पुलाच्या अलीकडे पाऊण तास. फर्स्ट गियर, न्यूट्रल, फर्स्ट गियर, न्यूट्रल. पूल ओलांडून पलीकडे उतरलो तर रस्ता मोकळा ढाकळा, ना अपघात ना खोदकाम, काही म्हणजे काहीच नाही.

माझी आजवरची समजूत अशी की टोल रस्त्यावरचा जाम म्हणजे नाक्यावरची रांग, सुट्टे पैसे, पावती, पुढच्याची हुज्जत. नाका गेला की जाम गेला. मग इथे कशाचा जाम होता? आणि जोडप्रश्न, टोल पूर्ण माफ केला तर तरी सुटेल का? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

खडीकरण

समजूत अर्धी बरोबर आहे. रोख पैसे घेणाऱ्या एका खिडकीतून तासाला साधारण तीनशे ते चारशे गाड्या निघतात, एका गाडीला दहाएक सेकंद धरा, आणि हायवेची एक लेन नीट वाहत असेल तर तासाला दोन हजारच्या आसपास गाड्या नेते. म्हणजे एका लेनमागे पाच-सहा खिडक्या हव्यात. म्हणून तर नाक्यावर रस्ता पंख्यासारखा पसरतो. पण पसरलेला पंखा पुढे परत मिटायलाही लागतो ना, आणि खरी मारामारी तिथे होते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये बीजिंगकडे परतणाऱ्या गाड्यांचा तो फोटो जगभर फिरलेला आठवतोय का, सुट्टी संपवून आलेले लोक, पन्नासेक लेन भरून गाड्या आणि पुढे त्या वीसेक लेनमध्ये घुसायच्या. त्यात खिडकीवरच्या माणसाचा काय दोष, ते नुसतं नरसाळं आहे.

आता नाका काढला तर काय होतं ते जपानकडे बघून कळतं. तिथे ईटीसी म्हणजे गाडीतल्या यंत्रावरून टोल कापणं २००१ साली सुरू झालं. त्याआधी एक्सप्रेसवेवरच्या एकूण जामपैकी साधारण ३० टक्के जाम नाक्यांवर लागायचा. आता ९० टक्क्यांवर गाड्या ईटीसीने जातात आणि नाक्यावरचा जाम जवळपास संपलाय. पण जपानमधला जाम संपला का? नाही. आता सगळ्यात मोठा वाटा आहे तो सौम्य उतार संपून सौम्य चढ सुरू होतो तिथल्या जामचा, ते लोक त्याला सॅग म्हणतात. चढ इतका कमी की ड्रायव्हरला कळतही नाही. पाय अॅक्सिलरेटरवर तेवढाच, गाडी मात्र पाच-सात किलोमीटरने हळू होते, मागचा हलकासा ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जास्त, आणि विसाव्या गाडीपर्यंत ती लहर पोचते तोवर तो बिचारा ठप्प थांबलेला असतो. त्याला वाटतं पुढे अपघात झालाय. पुढे काहीही नसतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या, ड्रायव्हरना सांगितलं ताशी तीसच्या वेगाने आरामात फिरा. ना सिग्नल, ना नाका, ना चढ. थोड्याच वेळात एका जागी गाड्या थांबायला लागल्या आणि तो थांबलेला पुंजका ट्रॅकवरून उलट दिशेने मागे मागे सरकायला लागला. रस्त्यात गाड्या एका मर्यादेपलीकडे भरल्या की जाम आपोआप जन्माला येतो, त्याला निमित्त लागतंच असं नाही.

म्हणून त्यांनी काही ठिकाणी रस्त्याच्या कडेने पुढे पळणारे दिवे लावलेत, दिव्याबरोबर गाडी ठेवली की चढावर वेग पडत नाही. मला तरी ही आयडिया फार आवडली. नवीन लेन बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

सुट्टेनाहीत

इतकं शास्त्र कशाला. पुलाचे पैसे वसूल होऊन जमाना झाला तरी वसुली चालूच, हा खरा मुद्दा. टोल बंद करा, लोक सुखाने जातील. दक्षिण आफ्रिकेत ज्यांच्या डोक्यावर कमानी उभारल्या त्या लोकांनी पैसेच भरले नाहीत. २०१३ च्या शेवटी सुरू केलेला ई-टोल सरकारला २०२४ मध्ये गुंडाळावा लागला. जनता एक झाली की होतं सगळं.

खाडीपल्याड

@सुट्टेनाहीत, वसुलीच्या रागाशी सहमत, 'लोक सुखाने जातील' याच्याशी अजिबात नाही. दक्षिण आफ्रिकेत भांडण पैशाचं होतं, जामचं नव्हतं.

फुकट केल्यावर काय होतं ते चीन दर मोठ्या सुट्टीला बघतो. २०१२ पासून तिथे राष्ट्रीय सुट्ट्यांमध्ये लहान गाड्यांना एक्सप्रेसवेवर टोल माफ असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत जामचे विक्रम होतात. सगळा दोष माफीचा नाही, सुट्टीची गर्दी असतेच, पण ज्या दिवशी रस्ता सगळ्यात अपुरा पडणार त्याच दिवशी तो फुकट करायचा म्हणजे आगीत तेल. इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या सेव्हर्न पुलांचा टोल डिसेंबर २०१८ मध्ये काढला, लोक खूश झाले, आणि गाड्या वाढल्या.

लंडनच्या पूर्वेला थेम्स नदी ओलांडणाऱ्या डार्टफर्ड क्रॉसिंगची गोष्ट तर तुमच्या मुद्द्याला दोन्ही बाजूंनी लागू आहे. उत्तरेकडे जायला दोन बोगदे, दक्षिणेकडे यायला १९९१ चा पूल. बांधकामाचं कर्ज फिटल्यावर टोल बंद व्हायचा होता. कर्ज फिटलं आणि २००३ पासून तोच टोल गर्दी आवरण्याचं शुल्क म्हणून चालू राहिला. इथे तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने. २०१४ च्या नोव्हेंबरात तिथले बूथ पाडले, कॅमेरे आले, आता लोकांनी नंतर ऑनलाइन भरायचं. जाम गेला? छे. कारण तिथे बूथ फक्त वसुली करत नव्हते. ज्वलनशील माल नेणारे टँकर बोगद्यात तसेच सोडता येत नाहीत, एस्कॉर्ट देऊन न्यावे लागतात आणि तोवर बाकीचा ट्रॅफिक थोपवावा लागतो. पूर्वी हे थांबवणं नाक्याच्या रांगेत खपून जायचं. नाका गेल्यावर त्यासाठी सिग्नल लावावे लागले. त्यात एखादा बहाद्दर बोगद्याच्या उंचीपेक्षा उंच ट्रक घेऊन येतो, मग त्याला बाजूला काढा, तोवर बाकीच्यांनी हरिनाम घ्यावं.

आता हाँगकाँग. बंदराखालून तीन बोगदे, मधला १९७२ चा, पूर्वेचा १९८९ चा, पश्चिमेचा १९९७ चा. २०२३ पर्यंत खासगी गाडीला मधल्याचा टोल २० हाँगकाँग डॉलर, पूर्वेच्याला २५ आणि पश्चिमेच्याला ७५. म्हणजे सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात जुना बोगदा सगळ्यात स्वस्त! नवीन बोगद्यात जागा शिल्लक आणि मधल्यासमोर रांगा, त्या रांगा दोन्ही बाजूंच्या शहरी रस्त्यांत घुसायच्या, म्हणजे ज्याला बंदर ओलांडायचंच नाही तोही अडकायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये पश्चिमेच्या बोगद्याचा कंपनीबरोबरचा करार संपला, तो सरकारकडे आला, मग पश्चिमेच्याचा दर ६० आणि बाकी दोन्हींचा ३० केला, आणि डिसेंबरपासून वेळेनुसार बदलते दर. रात्री तिन्ही बोगदे २० डॉलर, गर्दीच्या वेळी मधला आणि पूर्वेचा ४०, पश्चिमेचा ६०. रस्त्याचा एक इंचही न वाढवता. वर्षानुवर्षं लोक तिथे 'चौथा बोगदा बांधा' म्हणत होते, आणि बराचसा प्रश्न दराच्या पाटीत होता.

घाटमाथा

वाचतोय, मस्त धागा.

एकाच दिशेला टोल घेण्याचीही गंमत आहे. न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल, १९३१ चा, खालचा मजला १९६२ मध्ये जोडला, १४ लेन, वर्षाला दहा कोटींच्या आसपास गाड्या, जगातला सगळ्यात वर्दळीचा वाहनपूल म्हणतात. तिथे १९७० पासून फक्त न्यूयॉर्कमध्ये शिरताना टोल, बाहेर पडताना नाही. जो गेला तो परत येणारच, मग दोनदा कशाला थांबवा, हिशोब सरळ. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेटही १९६८ पासून तसाच.

पण त्याच न्यूयॉर्कमध्ये व्हेराझानो पुलावर १९८६ मध्ये नेमक्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर पडताना एकतर्फी टोल लावला. ट्रकवाल्यांनी गणित मांडलं, व्हेराझानोवरून शहरात फुकट शिरायचं, मॅनहॅटनच्या मधून आरपार जायचं आणि हॉलंड टनेलमधून फुकट बाहेर. झालं, बिचाऱ्या कॅनाल स्ट्रीटवर ट्रकच ट्रक. हे निस्तरायला केंद्रातला कायदा बदलावा लागला आणि डिसेंबर २०२० ला टोल परत दोन्ही दिशांना आला, तोवर चौतीस वर्षं गेली. टोलचं गणित चुकलं की जाम पुलावर दिसतोच असं नाही, तो दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

रिव्हर्सगियर

बापरे, एवढं सगळं! आभार. पण एक पटत नाहीये. सगळ्याचा अर्थ असाच ना की गर्दीच्या वेळी महाग करा म्हणजे जाम कमी? मग ज्याला ठरलेल्या वेळी कामावर जायचंच आहे आणि खिशात पैसे नाहीत, त्याने काय करायचं? श्रीमंताला मोकळा रस्ता आणि बाकीच्यांना सल्ला.

खाडीपल्याड

शंका रास्त आहे आणि याला गोड उत्तर नाही. वॉशिंग्टनजवळच्या आय-६६ महामार्गावर २०१७ मध्ये गर्दीनुसार क्षणाक्षणाला बदलणारा टोल सुरू केला तेव्हा पहिल्याच दिवसांत दर ४० डॉलरपर्यंत चढला, एका वेळचा! लोक खवळले ते बरोबरच होतं. गाडीत अजून एक माणूस घेतला की तोच रस्ता फुकट होता, पण रोज सोबती आणायचा कुठून.

माझं मत असं की दर वाढवायचा तर आधी गाडी नसलेल्याला वाट करून द्या. न्यूयॉर्कच्या लिंकन टनेलकडे येताना १९७० पासून सकाळच्या गर्दीत उलट दिशेची एक लेन काढून फक्त बसना देतात. त्या एका लेनमधून रोज सकाळी दीड हजारावर बस जातात. तेवढी माणसं गाड्यांतून न्यायची म्हटलं तर किती लेन लागतील ते तुम्हीच मोजा.

आणि लोकांना अनुभव घेऊ द्यावा. स्टॉकहोममध्ये २००६ चे पहिले सात महिने प्रायोगिक शुल्क लावलं, आधी विरोध जोरात होता. शहरात शिरणाऱ्या-निघणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. जुलैअखेर प्रयोग थांबवला, गाड्या परत वाढल्या, आणि सप्टेंबरात मतदान झालं तेव्हा शहरातल्या लोकांनी ठेवा म्हणून कौल दिला. बंद करून दाखवलं हीच त्यातली खरी हुशारी.

खडीकरण

थोडी भर. टोलवर सवलत द्यायची तर ती गर्दी नसलेल्या वेळी द्यावी. तोक्यो उपसागर ओलांडणाऱ्या अॅक्वालाइन या टोल रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी परतीचा जाम ठरलेला. २०२३ च्या जुलैपासून त्या दिशेला दुपारी एक ते रात्री आठ १२०० येन आणि आठनंतर ६०० येन असा प्रयोग सुरू केला, एरवी ८००. म्हणजे नुसता दंड नाही, थांबणाऱ्याला बक्षीसही. जेवून निघा म्हणतात ते!

अजून एक उलटं उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर टोलच्या पुढे मुद्दाम सिग्नल आहेत, टोल भरून सुटलेल्या गाड्यांना परत थांबवतात आणि थोड्या थोड्या पुलावर सोडतात. लोक शिव्या घालतात, पण पुलावर एकदम गर्दी झाली तर तिथे ब्रेकची लहर सुरू होऊन एकूण कमीच गाड्या पार होतात. वर थांबण्यापेक्षा अलीकडे थांबलेलं परवडतं.

सुट्टेनाहीत

म्हणजे पैसे भरूनही थांबायचं. धन्य आहे.

(जेवून निघायचं पटलं मात्र.)

खडीकरण

@रिव्हर्सगियर, मूळ प्रश्न राहिलाच. तुमच्या त्या पुलाखालून जहाजं जातात का? जात असतील तर पूल मध्यभागी उंच असणार, म्हणजे चढ आलाच. मोकळं झालं ते चढ संपल्यावर का?

रिव्हर्सगियर

आत्ताच मित्राला फोन केला. जहाजं जातात. चढ आहे. मोकळं झालं ते माथ्यावरच, मला वाटलं होतं पूल संपल्यावर.

आणि तो म्हणतो माथ्याच्या अलीकडे तो नेहमीच गाडी जरा स्लो करतो, खाली जहाज दिसतंय का बघायला.