मदत हवी आहे: 'इवान राजपुत्र आणि करडा लांडगा' भाग २ कुठे पाहता येईल?

नमस्कार मंडळी,

सेंट पीटर्सबर्गच्या मेल्नित्सा स्टुडिओचा 'इवान राजपुत्र आणि करडा लांडगा' हा अ‍ॅनिमेशनपट (२०११) मुलीला अतिशय आवडला. आता तिला २०१३चा दुसरा भाग हवा आहे. इंग्रजी किंवा हिंदी सबटायटल्ससह तो अधिकृतपणे कुठे मिळेल? रशियन आम्हा दोघींनाही येत नाही आणि यातली निम्मी गंमत संवादांत आहे, त्यामुळे नुसती चित्रं पाहून भागणार नाही.

दुसरं म्हणजे, तिला मूळ कथाही वाचून दाखवायच्या आहेत. रशियन लोककथा गोळा करणाऱ्या अफनास्येवच्या संग्रहातला लांडगा आधी इवानचा घोडा खातो, मग स्वतःच त्याचं वाहन होतो. भाऊ इवानला मारतात तेव्हा लांडगाच मृतजल (जखमा सांधणारं पाणी) आणि जीवनजल (प्राण परत आणणारं पाणी) शिंपडून त्याला उठवतो. फार देखणी कथा आहे! चित्रपटातलं विद्वान मांजर मात्र रशियन कवी पुश्किनच्या 'रुस्लान आणि ल्युदमिला' या काव्यातलं, ओकच्या झाडाला बांधलेल्या सोन्याच्या साखळीवर फिरणारं.

सोव्हिएत काळात मॉस्कोहून यायची आणि लोकवाङ्मय गृहात मिळायची, ती मराठी पुस्तकं कुणाकडे आहेत का? त्यांत ही लांडग्याची कथा असेल तर कृपया पुस्तकाचं नाव कळवा. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च मी आनंदाने देईन.