मारी-लुईझ फॉन फ्रान्झ यांचे परीकथांवरील लेखन कसे वाचावे?

प्रश्न

गेले दोन महिने मी स्विस मनोविश्लेषक मारी-लुईझ फॉन फ्रान्झ यांची परीकथांवरील व्याख्याने वाचत आहे. रात्री मुलीला ग्रिम बंधूंची एखादी गोष्ट सांगायची आणि ती झोपल्यावर त्याच गोष्टीवरचे प्रकरण उघडायचे, असा क्रम पडला आहे. काही पाने वाचताना अंगावर काटा येतो. काही ठिकाणी मात्र शंका येते की राजा दिसला की जुनी झालेली जाणीव, बेडूक दिसला की नेणीव (मनाचा आपल्याला न कळणारा भाग), असा कोश आधीच तयार असून कथा त्यात फक्त बसवली जात आहे. मनोविश्लेषक कार्ल युंग यांची शिष्या एवढ्या ओळखीपलीकडे त्यांचे स्वतःचे असे काय होते? आणि ही शंका योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. फॉन फ्रान्झ यांचा जन्म ४ जानेवारी १९१५ रोजी म्युनिक येथे झाला. वडील ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी होते. पहिल्या महायुद्धानंतर हे कुटुंब स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. १९३३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, काही विद्यार्थ्यांबरोबर त्या बोलिंगेन येथे सरोवराकाठी युंग यांनी बांधलेल्या दगडी मनोऱ्यावर गेल्या. तिथे युंग यांनी चंद्रावर राहत असलेल्या एका रुग्ण मुलीची हकिगत सांगितली. ‘म्हणजे आपण चंद्रावर आहोत असे तिला वाटत होते,’ अशी दुरुस्ती फॉन फ्रान्झ यांनी सुचवली. युंग यांनी ती मानली नाही. ती खरोखरच चंद्रावर होती, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मनात घडते तेही घडलेलेच असते, ही त्या दिवशी मिळालेली जाणीव फॉन फ्रान्झ यांनी आयुष्यभर सोडली नाही.

आपल्या शंकेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. त्यांचे शिक्षण मानसशास्त्राचे नव्हतेच. झुरिक विद्यापीठात त्यांनी ग्रीक आणि लॅटिन यांचे अध्ययन केले आणि ‘इलियड’वरील प्राचीन टीकांवर प्रबंध लिहिला. युंग यांच्याकडे मनोविश्लेषणासाठी जायचे तर पैसे नव्हते. त्याच्या मोबदल्यात त्या युंग यांना किमयाविद्येच्या, म्हणजे हलक्या धातूचे सोने करू पाहणाऱ्या विद्येच्या, जुन्या पोथ्यांचे भाषांतर करून देऊ लागल्या. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘ऑरोरा कॉन्सर्जेन्स’ या किमयाग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली सटीक आवृत्ती १९५७ साली युंग यांच्या अखेरच्या मोठ्या ग्रंथाचा तिसरा भाग म्हणून निघाली. युंग यांच्या पत्नी एमा युंग १९५५ साली वारल्या, तेव्हा ग्रेल या ख्रिस्ती पवित्र पात्राच्या आख्यायिकेवरचे त्यांचे अपुरे राहिलेले पुस्तकही फॉन फ्रान्झ यांनीच पूर्ण केले. दुसऱ्याचे हस्तलिखित पुरे करण्यात एवढी वर्षे घालवणारी व्यक्ती मजकुराशी मनमानी करत असेल, हे मला पटत नाही.

झुरिकजवळच्या क्यूसनाख्त येथे युंग यांच्याच दुसऱ्या शिष्या बार्बरा हॅना यांच्यासह त्या अनेक वर्षे एका घरात राहिल्या. अखेरची वर्षे कंपवाताने ग्रासलेली होती. १७ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रतिसाद २

कोशाची शंका मलाही होती. ‘तीन पिसे’ ही ग्रिम संग्रहातील ६३वी कथा त्या कशी वाचतात, ते सावकाश पाहिल्यावर ती बरीच मावळली.

त्या अर्थ सांगायला लागत नाहीत, आधी माणसे मोजतात. कथेच्या आरंभी म्हातारा राजा आणि त्याचे तीन मुलगे आहेत. राणीचा उल्लेखच नाही. म्हणजे काय उणे आहे, हे कथेने पहिल्याच वाक्यात सांगितले. राजा तीन पिसे हवेत फुंकतो. एक पूर्वेला जाते, एक पश्चिमेला, आणि धाकट्या ‘खुळ्या’ मुलाचे पीस समोरच जमिनीवर पडते. तो खट्टू होऊन तिथेच बसतो, तेव्हा पिसाशेजारी त्याला जमिनीत एक झडप दिसते आणि खाली पायऱ्या दिसतात. या पायऱ्यांपाशी फॉन फ्रान्झ थांबतात. ती गुहा असती तर गोष्ट वेगळी होती. पायऱ्या कुणीतरी बांधलेल्या असतात. जे खाली आहे ते एके काळी माणसांच्या वापरात होते आणि पुढे विसरले गेले, असा त्यांचा तर्क आहे. खाली बसलेली थोरली बेडकी त्याला आधी गालिचा, मग अंगठी देते आणि शेवटी उंदीर जुंपलेल्या पोखरलेल्या गाजरात बसवलेली एक लहानशी बेडकी देते, जिची पुढे सुंदर तरुणी होते. आरंभी नसलेली राणी शेवटी मिळाली ती पायाखालून.

प्रत्येक वस्तूसाठी त्या इतर देशांतील कथा, विधी आणि समजुती गोळा करतात आणि त्यातले काय या कथेला लागू पडते ते मग ठरवतात. बेडूक म्हणजे अमुक, असे एका ओळीत लिहिणारे लोक नंतरचे आहेत. दुष्टाशी लढावे की पळून जावे, याबद्दलही परीकथांत एक ठाम नियम नाही, असे त्या दाखवतात. एका कथेत जे तारते तेच दुसरीत बुडवते. त्यांना सापडलेला अपवादरहित नियम एकच होता: प्राण्यांची मदत ज्याला मिळते तो कधी हरत नाही.

प्रतिसाद ३

वरील विवेचन मान्य करूनही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. परीकथा हा सामूहिक नेणिवेचा, म्हणजे सर्व माणसांत समान असलेल्या नेणिवेचा, सर्वांत शुद्ध आणि साधा आविष्कार आहे, हे त्यांच्या विचाराचे मूळ गृहीतक आहे. परंतु ग्रिम बंधूंचा संग्रह १८१२ ते १८५७ या काळात सात आवृत्त्यांतून सतत बदलत गेला. हिमगौरीची दुष्ट आई पहिल्या आवृत्तीत सख्खी होती, तिला पुढे सावत्र करण्यात आले. मग ‘सावत्र आई’ या आदिबंधावर (नेणिवेतील मूळ प्रतिमेवर) लिहिताना आपण नेणिवेविषयी बोलत आहोत की विल्हेल्म ग्रिम यांच्या लेखणीविषयी? अनेक पाठ शेजारी ठेवून वाचण्याची फॉन फ्रान्झ यांची सवय हा यावरचा उपाय आहे, पण तो वाचकानेही पाळला पाहिजे.

प्रश्नकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काल प्रयोग म्हणून नागपंचमीची कहाणी घेतली आणि आधी माणसे मोजली. सगळ्या सुनांना आजोळ किंवा माहेर आहे, धाकटीला कुणीच नाही. उणीव इथेही आरंभीच सांगितली आहे. नागोबा मामा होऊन येतो आणि तिला खाली नेतो. नागीण बाळंत होत असताना तिच्या हातात दिवा देतात. पिले वळवळताना पाहून ती भिते, दिवा पडतो आणि त्यांची शेपटे भाजतात. पुढे सूड घ्यायला आलेली तीच पिले, ती आपल्या लांडोबा-पुंडोबा भावांचे क्षेम मागते आहे हे ऐकून निवतात. प्राण्यांचा नियम इथे चपखल बसतो. पण दिव्याचे काय करावे, ते कळत नाही.

प्रतिसाद २

दिव्याचा अर्थ लावण्याची घाई करू नका. ही कहाणी व्रताला बांधलेली आहे, ग्रिमची कथा तशी नाही, हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागेल. मग घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून तिचे आणखी दोन-तीन पाठ मिळवा आणि प्रत्येकात दिवा कुणी हातात दिला, तो कशामुळे पडला आणि नागिणीने तेव्हा काय केले, एवढेच लिहून काढा. मी आईला विचारले, तर तिच्या आजोळच्या पाठात दिवा भीतीने पडत नाही. डुलकी लागून पडतो.